पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल: घोट्यात, गुडघ्यामागे की कमरेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 68, वजन 50 किलोच्या आसपास, मधुमेह बरीच वर्षं जुना. डाव्या पावलाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलंय, दोन्ही बोटं लवकर काढावी लागतील असं सर्जन म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलाय, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हृदयाचं पंपिंग 35 टक्के. एका ठिकाणी कमरेतून भूल देऊ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी गुडघ्यामागे इंजेक्शन, तिसऱ्या भूलतज्ज्ञांनी घोट्याभोवती चार-पाच इंजेक्शनं सुचवली. यातलं चांगलं कोणतं? आणि सोनोग्राफी मशीनशिवाय हे करणं धोक्याचं आहे का?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग अशाच मधुमेही पायांचा असतो. तिन्ही पद्धती पाय बधिर करतात, तिन्ही शिकवल्या जातात. पण कोणती पद्धत कुणाला, हे ठरवताना आम्ही डॉक्टर बरेचदा आपल्या हाताला जी सवयीची आहे तिकडे झुकतो. मला ते पटत नाही. कापणार नेमकं कुठे, रक्त थांबवायचा पट्टा बांधणार का आणि कुठे, सूज-लाली कुठवर चढली आहे, आणि त्या रात्री पेशंट उठून बाथरूमला कसा जाणार, या चार गोष्टी विचारल्या की निवड बहुतेक वेळा आपोआप ठरते.

आधी कमरेतल्या भुलेबद्दल. स्पायनल ही उत्तम भूल आहे. स्वस्त, पटकन लागणारी, भरवशाची. कमरेत टोचलं की आयुष्यभर कंबर धरते ही भीती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे, तिला फारसा आधार नाही, त्यामुळे त्या कारणासाठी स्पायनल नाकारू नका. तुमच्या आईंच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. स्पायनलमध्ये कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय हा फरक भरून काढतं, 35 टक्के पंपिंग असलेल्या हृदयाला ते जड जातं. दुसरं, क्लोपिडोग्रेल चालू असताना मणक्यात सुई घालणं टाळतात, कारण तिथे रक्ताची गाठ झाली तर बाहेरून दाबून थांबवता येत नाही आणि मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. त्यासाठी गोळी 5 ते 7 दिवस आधी बंद करावी लागते. आठ महिन्यांच्या स्टेंटवर ती परस्पर बंद करणं धोक्याचं, आणि सडणारं बोट तेवढे दिवस थांबायला तयार नसतं. म्हणून इथे स्पायनल मागे पडते. घोटा आणि गुडघ्यामागची जागा त्यामानाने वरवरची आहे, रक्त आलंच तर बोटाने दाबून धरता येतं. त्यामुळे या गोळ्या चालू असतानाही काळजी घेऊन तिथले ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूभोवती औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणारी इंजेक्शनं, देता येतात.

आता खरी तुलना घोटा आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात आहे.

पावलाची संवेदना पाच मज्जातंतू नेतात. त्यातले चार मांडीच्या मागून उतरणाऱ्या सायाटिक या जाड मज्जातंतूच्या फांद्या आहेत: तळव्याची जवळजवळ सगळी जबाबदारी घेणारा टिबियल, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटामधल्या बेचक्याचा डीप पेरोनियल, पावलाच्या वरच्या पृष्ठभागाचा सुपरफिशियल पेरोनियल आणि करंगळीच्या बाजूच्या कडेचा सुरल. पाचवा सॅफेनस, तो मांडीच्या पुढच्या बाजूच्या फिमोरल मज्जातंतूतून येतो आणि आतल्या घोट्याची, पावलाच्या आतल्या कडेची त्वचा सांभाळतो. गुडघ्यामागे दिलेलं इंजेक्शन पहिल्या चौघांना गाठतं, पाचव्याला नाही. आतल्या घोट्यावर चिरा घेतला की पेशंट ओरडतो आणि मग "ब्लॉक फेल गेला" असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात दिलेला ब्लॉक चांगला लागलेला असतो, सॅफेनस द्यायचाच राहिलेला असतो. तो मांडीच्या आतल्या बाजूला, सार्टोरियस स्नायूखाली, फिमोरल धमनीच्या शेजारी 8-10 मिली औषध देऊन वेगळा घ्यावा लागतो.

घोट्याच्या ब्लॉकमध्ये या पाचही तंतूंना पावलाच्या उंबरठ्यावरच गाठतात. टिबियल आतल्या घोट्यामागे, धमनीचे ठोके लागतात त्याच्या किंचित मागे आणि खोलवर असतो. डीप पेरोनियल घोट्याच्या पुढे, तिथल्या धमनीच्या बाहेरच्या बाजूला. उरलेले तीन त्वचेखालीच असतात, औषधाची एक पट्टी पसरली की भागतं. सुरल बाहेरच्या घोट्यामागे बारीक शिरेच्या सोबतीने जातो, सॅफेनस आतल्या घोट्यापुढे मोठ्या शिरेच्या शेजारी. एकूण औषध 20-25 मिली, सोनोग्राफी असेल तर त्याहून कमी.

या ब्लॉकचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा म्हणजे पोटरीचे स्नायू शाबूत राहतात. पाऊल वर-खाली करता येतं, टाचेवर भार देऊन, वॉकर धरून पेशंट त्याच दिवशी बाथरूमपर्यंत जाऊ शकतो. गुडघ्यामागच्या ब्लॉकनंतर पाऊल लोंबतं. बोटं उचलली जात नाहीत, घोटा पायाखाली वळतो, आणि हे 12 ते 24 तास टिकू शकतं, मधुमेहात कधी त्याहूनही जास्त. घरी एकटं कोणी असेल, रात्री उठण्याची सवय असेल, तर पडून मांडीचं हाड मोडण्याची भीती खरी असते. काढलेल्या दोन बोटांपेक्षा ते मोडलेलं हाड जास्त महागात पडतं.

घोट्याच्या ब्लॉकचे तोटेही सांगतो. टोचण्या जास्त, आणि घोट्याची त्वचा नाजूक, त्यामुळे टोचताना दुखतं. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने आधीच गेली आहे त्यांना फारसं जाणवत नाही, पण इतरांना आधी गुंगी आणणारं, वेदना कमी करणारं थोडं मिडाझोलाम किंवा फेंटानिल देणं हे माणुसकीचं आहे. गुंगी अशी हवी की पेशंट हाकेला ओ देईल. सुई तंतूत शिरली तर पायात करंट जातो, तो सांगायला पेशंट जागा हवा. दुसरा तोटा टाचेचा. टाचेकडे जाणारी फांदी टिबियलपासून बरेचदा घोट्याच्या वरच फुटलेली असते. घोट्यामागे इंजेक्शन दिलं तर तळवा आणि बोटं बधिर होतात, टाच जागी राहते. म्हणून टाचेची शस्त्रक्रिया असेल तर मी घोट्याच्या ब्लॉकवर अवलंबून राहत नाही, गुडघ्यामागे जातो.

तिसरा मुद्दा संसर्गाचा. पू आणि सूज असलेल्या भागातली रासायनिक स्थिती आम्लधर्मी होते. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन ही औषधं मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतात ती विद्युतभाररहित रूपात, आणि आम्लात त्या रूपाचा वाटा घटतो. म्हणजे लाल, गरम, फुगलेल्या जागी कितीही औषध ओता, ते लागत नाही. वर सुईसोबत जंतू आणखी खोल जाण्याचा धोका. लाली घोट्यापर्यंत चढली असेल तर घोट्याचा ब्लॉक बाद. तिथून वर, स्वच्छ त्वचेतून, गुडघ्यामागेच जायचं. बोटाच्या बुडाशी गोल टोचून एकच बोट बधिर करण्याची पद्धत नखाच्या कामाला छान आहे, पण काळ्या पडलेल्या मधुमेही बोटाला ती देऊ नये. रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात औषधाच्या दाबाने उरलासुरला कोंडतो. या पायांत ॲड्रेनलिन मिसळलेलं औषधही मी वापरत नाही.

गुडघ्यामागचा ब्लॉक, ज्याला आम्ही पॉप्लिटियल म्हणतो, तो कसा देतात हे समजलं तर त्याची ताकद लक्षात येते. सायाटिक मज्जातंतू लवणीच्या रेषेपासून काही सेंटिमीटर वर टिबियल आणि कॉमन पेरोनियल असा दुभंगतो. नेमका कुठे, हे माणसागणिक बदलतं. जुन्या पद्धतीत पेशंटला पालथं झोपवून, दोन्ही बाजूंचे स्नायुबंध चाचपून, रेषेच्या सुमारे 7 सेंटिमीटर वर सुई घालायचे आणि अंदाज बांधायचे. नर्व्ह स्टिम्युलेटर आल्यावर सुईतून बारीक करंट देऊन पाऊल हलतं का हे बघता येऊ लागलं. पाऊल खाली दाबलं गेलं तर टिबियल, वर उचललं तर पेरोनियल, आत वळलं तर दोन्ही फांद्या बधिर होण्याची शक्यता चांगली. 0.5 मिलिअँपिअरच्या आसपास हालचाल टिकली की सुई जवळ आहे असं मानतात. 0.2 च्याही खाली हालचाल टिकत असेल तर सुई तंतूच्या आत असू शकते, मागे घ्यायची. पण जुन्या मधुमेहात मज्जातंतू इतके मंदावलेले असतात की सुई अगदी शेजारी असूनही पाऊल हलत नाही. मग करंट वाढवत जायचं आणि सुई पुढे ढकलत राहायचं हा मोह होतो, तो धोक्याचा आहे.

इथे सोनोग्राफीने खरा फरक केला. पेशंट उताणाच राहतो, पोटरीखाली चादरींची घडी ठेवून पाय उचलायचा, प्रोब, म्हणजे यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग, खालून लवणीत लावायचा आणि सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूने आणायची. हृदय कमकुवत असलेल्या, श्वास लागणाऱ्या माणसाला पालथं घालावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही पद्धत पसंत करतो. पडद्यावर धमनीच्या वर पांढरट, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी गोल आकृती शोधायची. दिसेना तर प्रोब किंचित पावलाकडे कलता करायचा. तरीही शंका असली तर सहायकाला पेशंटचं पाऊल वर-खाली हलवायला सांगायचं, दोन्ही फांद्या आळीपाळीने हलताना दिसतात. जिथे त्या वेगळ्या होतात पण अजून एकाच पातळ आवरणात असतात, त्या जागी आवरणाच्या आत पण तंतूंच्या बाहेर औषध सोडलं की ते दोन्हींभोवती पसरतं आणि ब्लॉक लवकर, पूर्ण लागतो. सुई आवरणातून जाताना हाताला हलकासा टक जाणवतो. औषध ढकलायला जोर लागला, किंवा पेशंटने करंट गेल्याचं सांगितलं, तर तिथल्या तिथे थांबायचं.

सोनोग्राफीशिवाय हे धोक्याचं आहे का? सोनोग्राफीने सुई रक्तवाहिनीत जाणं कमी होतं, औषध कमी लागतं, ब्लॉक लवकर लागतो, औषधाची विषबाधा कमी होते. मज्जातंतूची इजा मात्र त्यामुळे निश्चितपणे घटली, असं ठामपणे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात एक व्यावहारिक अडचणही आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 चा जो कायदा आहे, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि त्याच्या जागेची नोंदणी लागते. भूलतज्ज्ञाला स्वतःचं यंत्र गाडीत टाकून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात सहज फिरता येत नाही. कायद्याचं कारण गंभीर आहे आणि तो हवाच, पण त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी अनेक चांगले भूलतज्ज्ञ यंत्राविना काम करतात. घोट्याचा ब्लॉक हाताने चाचपून उत्तम देता येतो, तीन तंतू तर त्वचेखालीच आहेत. पॉप्लिटियल मात्र, निवड असेल तर, सोनोग्राफीखालीच घ्यावा असं माझं मत आहे, मधुमेही पेशंटमध्ये तर नक्कीच.

औषधाचा हिशेब सांगतो, कारण हलक्या वजनाच्या पेशंटमध्ये तिथे चूक होते. बुपिव्हाकेनची मर्यादा मी किलोला 2 मिलिग्रॅम धरतो. 50 किलोला 100 मिलिग्रॅम. 0.5 टक्क्याच्या औषधात एका मिलीत 5 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 20 मिलीतच मर्यादा गाठली. पॉप्लिटियलला 20 आणि सॅफेनसला 10 मिली अशी सवयीने बाटली रिकामी केली तर ती ओलांडली जाते. औषध 0.375 टक्क्यांपर्यंत पातळ केलं तर 25 मिलीत साधारण 94 मिलिग्रॅम बसतं आणि संवेदना घालवायला ते पुरतं. मधुमेही मज्जातंतू तसेही या औषधांना जास्त संवेदनशील असतात, कमी तीव्रता त्यांना मानवते. औषध थेट रक्तात गेलं तर ओठ बधिर होणं, कानात आवाज, बडबड, झटके, आणि शेवटी हृदयाची गती बिघडणं असा क्रम होऊ शकतो. त्यावर 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन किलोला 1.5 मिली या हिशेबाने शिरेतून देतात. ब्लॉक देणाऱ्या खोलीत ती बाटली हाताशी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पट्ट्याचा मुद्दा लोकांना सांगितलाच जात नाही. रक्तस्राव थांबवायला सर्जन मांडीला टूर्निकेट बांधतात, आणि त्याची कळ घोट्याचा किंवा गुडघ्यामागचा ब्लॉक थांबवू शकत नाही. घोट्याचं हाड मोडलंय, प्लेट टाकायची आहे, मांडीला पट्टा लागणार आहे, अशा वेळी भूल स्पायनल किंवा पूर्ण बेशुद्धीची आणि पॉप्लिटियल-सॅफेनस नंतरच्या वेदनेसाठी, ही जोडी योग्य. पट्टा पोटरीला बांधला तर या दोन ब्लॉकवरच भागू शकतं. घोट्याच्या लगेच वर बांधला तर घोट्याच्या ब्लॉकवरही बहुतेक पेशंट तो सहन करतात. टाचेचं हाड चुरगळलेलं असेल तर आणखी एक सावधगिरी. आतल्या दाबाने स्नायू मरू लागले की असह्य वेदना हीच पहिली खूण असते आणि घट्ट ब्लॉक ती झाकू शकतो. अशा पेशंटमध्ये सर्जनशी बोलल्याशिवाय मी ब्लॉक देत नाही.

आता तुमच्या आईंकडे येतो. करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे मुख्यतः टिबियल, सुपरफिशियल पेरोनियल आणि सुरलचा प्रदेश. हाडाच्या खोल भागासाठी डीप पेरोनियलही घ्यावा. सॅफेनसचा इथे संबंध नाही, म्हणजे पॉप्लिटियल दिला तर तो एकटा पुरेल आणि घोट्याला दिला तर पाचऐवजी चार टोचण्यांत काम होईल. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला सर्जन सहसा पट्टा बांधत नाहीत, कापलेल्या कडेला ताजं रक्त येतंय का हे त्यांना बघायचं असतं. तो अडसर तर नाहीच. उरतो प्रश्न सुजेचा. लाली पावलाच्या मध्यापर्यंतच असेल आणि घोट्याची त्वचा स्वच्छ असेल तर माझी पसंती घोट्याच्या ब्लॉकला. सूज घोट्याला टेकली असेल, किंवा सर्जनना पावलात खोलवर पू शोधत जावं लागेल असं वाटत असेल, तर सोनोग्राफीखाली पॉप्लिटियल. चार-पाच दिवसांत पुन्हापुन्हा जखम साफ करावी लागणार असेल तर गुडघ्यामागे बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवण्याचाही पर्याय आहे.

ब्लॉक देण्याआधी पायाला आधीच किती बधिरता आहे हे तपासून केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. नाहीतर नंतर मधुमेहाची जुनी बधिरता ब्लॉकच्या नावावर जाते. कोणता पाय, यावर पेनने खूण असावी आणि सुई टोचण्याआधी ती पुन्हा बघितली जावी. ब्लॉक दिल्यावर पॉप्लिटियलला 20 ते 30 मिनिटं लागू शकतात. स्पिरिटचा बोळा तळव्याला, पावलावर, करंगळीच्या कडेला लावून गार लागतं का हे आईंनाच विचारलं जावं. कितीतरी "फेल" ब्लॉक घाईत चाकू लावल्यामुळे फेल होतात.

रात्रीचं नियोजन दुपारीच करा. ब्लॉक उतरतो तो बहुधा मध्यरात्रीनंतर, आणि तोवर काहीच दुखत नसल्यामुळे गोळी घेतलेली नसते. मग वेदना एकदम उसळते. बधिरता असतानाच, दुखत नसलं तरी, झोपताना सांगितलेली पॅरासिटामॉलची मात्रा द्या. मूत्रपिंडाचा अहवाल बघितल्याशिवाय दुकानातून आणलेल्या दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. उशी पोटरीखाली ठेवा आणि टाच अधांतरी राहू द्या, बधिर टाच गादीवर तासन्‌तास दाबली गेली तर तिथे नवीन जखम होते. गरम पाण्याची पिशवी, शेक अजिबात नको. उठताना एक माणूस सोबत हवाच, आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्या रात्रीपुरती कमोड खुर्ची आणून ठेवा.

बधिरता दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेकांची उतरते. मधुमेहात थोडी जास्त वेळ राहिली तर घाबरू नका, पण 48 तासांनंतरही पाऊल उचलता येत नसेल, किंवा एकदा उतरलेली बधिरता परत आली, टोचलेल्या जागी गाठ वाढत चालली, पोटरी ताठ होऊन दुखू लागली, तर सकाळची वाट न बघता भूलतज्ज्ञांना फोन करा.